सपोर्ट लेटरवर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या एका लहान कॉलेजात जीवशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य शिकवते. आमचं कॉलेज वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं. इथे अशा कॉलेजांना एचबीसीयू म्हणतात. दर सेमिस्टरला चार विषय शिकवते, त्यामुळे संशोधनाला वेळ उरत नाही.

परवा एका मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा ईमेल आला. मराठवाड्यातल्या खेड्यांत ब्लडप्रेशर आणि मधुमेहावर त्यांना तीन वर्षांचा प्रकल्प करायचाय. पैसे एका खासगी फाउंडेशनचे. आमच्यासारखं कॉलेज सोबत असलं की अर्जाचं वजन वाढतं, असं त्यांनी स्पष्टच लिहिलंय. मला मराठी येतं, हेही त्यांच्या सोयीचं. दहा दिवसांत दोन पानी सपोर्ट लेटर हवंय. बदल्यात आमचे आठ विद्यार्थी दोन आठवडे भारतात जातील. आमच्या डीन खूश आहेत. पण अलाबामातच जन्मलेल्या एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकारी म्हणाल्या, "त्यांना पुन्हा आपलं फक्त नाव हवंय." मला दोघींचंही पटतं. शिवाय मी भारतीय. या कॉलेजच्या वतीनं बोलायचा मला कितपत अधिकार? आणि निधीची सध्याची ओढाताण पाहता आलेली संधी सोडावी का?

— एक प्राध्यापिका, अलाबामा

उत्तर

नमस्कार.

आत्ता जे पत्र ते मागताहेत, त्यावर सही करू नका. पण नकारही कळवू नका. उद्याच त्यांना लिहा की आम्हाला रस आहे, प्रस्तावाचा मसुदा आणि बजेटचा तक्ता पाठवा, तो वाचून बोलू. बजेट पाठवायला खळखळ झाली तर तुमच्या सहकारी बाईंचा अंदाज बरोबर होता, एवढं त्याच दिवशी कळेल.

सपोर्ट लेटर म्हणजे शुभेच्छापत्र. त्यानं अर्ज करणाऱ्याला गुण मिळतात आणि लिहिणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. ज्याला भागीदारी म्हणतात तिला सबअवॉर्ड लागतो: तुमच्या कॉलेजच्या नावानं वेगळा करार, वेगळं बजेट, तुमच्या वेळेचा पगार. तुमच्या पत्रात आठ विद्यार्थ्यांचा प्रवास आहे आणि तुमच्या वेळेचं मोल कुठेच नाही. तीन वर्षं तुम्ही दुभाषा, व्यवस्थापक आणि मुलांच्या पालक असणार, तेही चार विषय शिकवून झाल्यावर. हे चालणार नाही, आणि हे सांगताना संकोच वाटून घेऊ नका.

तुमच्या सहकारी 'पुन्हा' म्हणाल्या, त्यामागे अलाबामाचाच इतिहास आहे. मराठी वाचकांपैकी अनेकांना टस्कीगीचा प्रयोग ऐकून माहीत असतो. मेकन काउंटीतल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेनं १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं 'अभ्यास' केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही. पुढे पेनिसिलिन आलं, तेही त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते हे की त्या प्रयोगाला स्थानिक कृष्णवर्णीय संस्थेची साथ होती. टस्कीगी इन्स्टिट्यूटच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. यूजीन डिबल स्वतः कृष्णवर्णीय होते. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी १९३२ मध्ये जे पटवून दिलं, ते आजच्या कुठल्याही डीननं म्हणावं असं आहे: खर्च फारसा नाही, आपल्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्न डॉक्टरांना शिकायला मिळेल, इस्पितळाचं नाव होईल, निष्कर्षांना जगभर मागणी येईल. काम तर थोड्याच महिन्यांचं होतं. डॉ. डिबल वाईट हेतूचे होते असं मला वाटत नाही. उपचार द्यायचे की नाही, अभ्यास कधी थांबवायचा, हे ठरवायचा अधिकार मात्र त्यांच्या संस्थेकडे नव्हता. इमारत त्यांची होती आणि माणसांना गाडीतून आणणारी नर्स त्यांच्यातलीच होती. लोकांचा विश्वासही त्यांच्यावरच होता. निर्णय होत होते वॉशिंग्टनमध्ये. याच सरकारी सेवेच्या डॉक्टरांनी १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातल्या माणसांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली. ते २०१० मध्ये उघड झालं. त्या कामातले डॉ. जॉन कटलर पुढे टस्कीगीच्या प्रयोगातही होते. 'आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य' हे शब्द तुमच्या सहकाऱ्यांच्या कानाला कसे लागत असतील, याचा विचार तुमच्या डीननीही करायला हवा.

पण त्याच आवारात दुसरंही काम झालं आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. १९५३ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लशीच्या चाचणीसाठी मानवी पेशी प्रचंड प्रमाणात लागणार होत्या. त्या तयार करायचं केंद्र टस्कीगीत उभं राहिलं. पैसा पोलिओ निधीचा होता, पण प्रयोगशाळा टस्कीगीची, प्रमुख रसेल ब्राउन आणि जेम्स हेंडरसन हे तिथलेच प्राध्यापक, आणि काम करणारी मंडळी तिथेच शिकून तयार झालेली. कामाचा जोर असताना आठवड्याला सुमारे २०,००० नळ्या तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना जात. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या होत्या आणि १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या इस्पितळात त्यांच्या संमतीविना घेतलेल्या होत्या, हेही इथे सांगायलाच हवं. तरी संस्थेपुरता फरक लक्षात घ्या. पहिल्या कामात टस्कीगीनं नाव आणि माणसं पुरवली. दुसऱ्यात यंत्रं आणि कौशल्य संस्थेत आलं, मुलांच्या हाताला काम मिळालं, आणि ते चालवणारे आपलेच लोक होते. तुमच्यापुढच्या प्रस्तावाला हीच कसोटी लावा: तीन वर्षांनी मोठं विद्यापीठ निघून गेलं तर तुमच्या कॉलेजात मागे काय राहील?

मागे राहण्यासारखं काय मागायचं, तर पहिली गोष्ट तुमचा वेळ. दर सेमिस्टरला निदान एक विषय कमी, आणि तो शिकवणाऱ्या बदली शिक्षकाचा पगार प्रकल्पातून. दुसरी, ग्रँटचं काम पाहणारा एक माणूस, अर्धवेळ का होईना. लहान कॉलेजांत हिशेबाच्या ऑफिसात दोन-तीन माणसं असतात आणि मोठ्या संस्थेचे रिपोर्ट भरता भरता ती मेटाकुटीला येतात. तिसरी, नैतिक परवानग्या पाहणारी तुमची स्वतःची समिती चालती राहावी एवढा खर्च. ओव्हरहेडवरही, म्हणजे ऑफिस-इमारतीच्या वरखर्चावरही, बोला. खासगी फाउंडेशनं तो कमीच देतात, आणि जो देतात तो सगळा मोठी संस्था ठेवून घेते असं पुष्कळदा होतं. तुमचा वाटा तुमच्या सबअवॉर्डमध्ये दिसला पाहिजे. पुढे कधी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी मिळाला आणि तुमच्या कॉलेजनं ओव्हरहेडचा दर सरकारशी ठरवून घेतलेला नसला, तरी ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्के ओव्हरहेड मागता येतो. आधी तो १० टक्के होता. हिशेबाच्या ऑफिसला हे माहीत आहे का, विचारून ठेवा.

पैशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी मोठ्या विद्यापीठांच्या लक्षातही येत नाही. बहुतेक सबअवॉर्ड 'आधी खर्च करा, मग बिल लावा' अशा पद्धतीचे असतात. ज्या कॉलेजच्या खात्यात शिल्लक नसते त्याला हे झेपत नाही. हीच पद्धत विद्यार्थ्यांपर्यंत उतरते: तिकीट स्वतःच्या कार्डावर काढा, नंतर भरपाई मिळेल. तुमची किती मुलं विमानाचं तिकीट कार्डावर काढू शकतात? उन्हाळ्यात वॉलमार्टमध्ये काम करून पुढच्या सेमिस्टरची फी भरणाऱ्या मुलीला 'प्रवासखर्च मोफत' ही सवलतच नव्हे, कारण ती गेली की त्या दिवसांची मजुरी बुडते. तिकीट, व्हिसा, लशी आगाऊ द्या आणि बुडालेल्या मजुरीइतका स्टायपेंड द्या, असं लेखी मागा. टुरिस्ट व्हिसावर संशोधन करता येत नाही, त्याची तजवीज वेळेत करा. आणि आठ मुलं दोन आठवडे नेण्यापेक्षा तीन मुलं दहा आठवडे नेली तर मला जास्त आवडेल. दोन आठवड्यांत जेट लॅग आणि पोट सावरेपर्यंत परतायची वेळ होते.

आता पैशाहून मोठी गोष्ट. प्रश्न कोणाचा? प्रस्तावात मराठवाड्यात काय शोधायचं हे आधीच ठरलं असेल आणि तुम्ही फक्त ते शोधायला मदत करणार असाल, तर सबअवॉर्ड मिळूनही तुम्ही मजूरच. तुमच्या कॉलेजकडे स्वतःचं ज्ञान आहे. अमेरिकेचा तो बराचसा आग्नेय भाग पक्षाघाताचा पट्टा म्हणून ओळखला जातो. डॉक्टरवर विश्वास नसलेल्या माणसाशी ब्लडप्रेशरबद्दल कसं बोलायचं, चर्चमध्ये तपासणी कशी लावायची, गोळ्या मध्येच सोडणाऱ्या काकांना कोण समजावू शकतं, हे तुमच्या सहकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लॉस एंजेलिस परिसरात ५२ सलूनांमधल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. केस कापायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सलूनमध्येच फार्मासिस्ट भेटून औषध देत. सहा महिन्यांत त्यांचं वरचं प्रेशर सरासरी २७ नं उतरलं. ज्यांना न्हाव्यानं फक्त डॉक्टरकडे जायचा आणि राहणी सुधारायचा सल्ला दिला, त्यांचं सुमारे ९ नं. भारतात फार्मासिस्टला औषध लिहून देता येत नाही, त्यामुळे हे जसंच्या तसं परभणीत चालणार नाही. पण पूर्णा किंवा जिंतूरच्या कटिंग सलूनमध्ये रविवारी सकाळी जे पुरुष बाकावर पेपर वाचत बसलेले असतात, ते प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी क्वचितच चढतात. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, हा प्रश्न तुमचं कॉलेज विचारू शकतं. मोठ्या विद्यापीठात बसून तो सुचणं अवघड.

आणि वाट दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. तुम्ही शिकवता त्या राज्यातल्या ब्लॅक बेल्ट नावाच्या पट्ट्याची माती काळी, चिकण आणि पाणी न मुरू देणारी. आपल्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथेही तेच. म्हणून तिथे शोषखड्डे चालत नाहीत आणि चालतील अशा यंत्रणा गरीब घरांना परवडत नाहीत. त्याच पट्ट्यातल्या लाऊंड्स काउंटीत कितीतरी घरांचं सांडपाणी साध्या पाइपातून थेट परसात सोडलेलं असतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे. काळ्या मातीवर, कमी पैशात, मैल्याचं काय करायचं, यावर मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतींनी बऱ्यावाईट पुष्कळ खटपटी केल्या आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांना ते पाहू द्या. आणि जामखेडला जाऊ द्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायकांसमोर तुमची मुलं वही घेऊन बसली, की शिकवणारं कोण आणि शिकणारं कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

यातून एक जबाबदारी तुमच्यावर येते आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठं विद्यापीठ तुमच्याशी जसं वागतंय, तसंच तुम्ही मराठवाड्यातल्या लोकांशी वागू शकता, आणि तेही मराठीत, गोड बोलून. आशाताईचंच उदाहरण घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे ब्लडप्रेशर-मधुमेहासारख्या आजारांचा धोका टिपणारा कागद, तिनं आधीच भरायचा असतो. लसीकरण, बाळंतपणं, सर्व्हे आहेतच. ती कामाच्या मोबदल्यावर जगते, पगारावर नाही. तिच्या गळ्यात तुमची आणखी एक चाळीस प्रश्नांची प्रश्नावली फुकट बांधू नका. तिच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये घाला, तुमच्या पैशांच्या शेजारच्याच ओळीत.

भारतातला भागीदार निवडताना पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेचं नाव पुढे येईल. नियमांची बाजू तिला सोपी जाते हे खरं. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे जिला जिला पैसे पोचायला हवेत, तिची तिची नोंदणी हवी. परदेशी सहकार्यानं होणाऱ्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरीही लागते. यात महिने जातात, दहा दिवसांच्या घाईत हे कोणी धरलेलं नसतं. तरीही माझं मत असं, की एखादं मराठवाड्यातलंच कॉलेज बरोबरीनं घ्या. घरातली पहिली पिढी शिकते अशी कॉलेजं तिथे आहेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय त्यातलंच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. ही ओळख जुनी आहे. अलाबामातल्या आणि मराठवाड्यातल्या मुलामुलींनी मिळून एक घर-पाहणी केली, तर दोघांनाही आपल्या घराबद्दल नवं काही कळेल.

तुमच्या अधिकाराबद्दल. तुम्ही कॉलेजच्या शिक्षिका आहात, बोलायचा अधिकार तुम्हाला आहे. एकटीनं बोलायचा नाही. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना सल्लागार म्हणून नको, प्रकल्पाच्या सहप्रमुख म्हणून घ्या, पगारासकट. मोठ्या विद्यापीठाला ही मागणी चमत्कारिक वाटली तर त्यांना सांगा की अटलांटाचं मोरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन २०१२ पासून नॉर्थ कॅरोलिना, जॉन्स हॉपकिन्स आणि टुलेन या विद्यापीठांसोबत अमेरिकी सरकारच्या फोगार्टी केंद्राच्या जागतिक आरोग्य प्रशिक्षणात बरोबरीची सदस्य संस्था म्हणून काम करतंय. शोधनिबंधांवर कोणाचं नाव कुठे, विदा (डेटा) कोणाच्या ताब्यात, वाद झाला तर निर्णय कोणाचा, हे सगळं पहिला माणूस तपासायच्या आधी कागदावर यायला हवं.

भारतीय म्हणून तुमच्यावर जे वेगळं काम येतं ते घरचं आहे. आपल्याकडे काळ्या रंगावरून लोक तोंडावर बोलतात. बसस्टँडवर तुमच्या मुलांकडे टक लावून बघतील, न विचारता फोटो काढतील, कुणी त्याहून वाईट वागेल. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर जमावानं हल्ले केले, ते तुमच्या विद्यार्थ्यांचे पालक इंटरनेटवर वाचणारच. त्यांना हे तुमच्या तोंडून आधी कळू द्या. जातीबद्दलही निघण्याआधी नीट शिकवा. गावातली विहीर कुणाची, वस्ती कुठे संपते, पाहणी करणारा मुलगा कुठल्या गल्लीत जायचं टाळतो, हे त्यांना दिसलं पाहिजे. वर्णभेद घरात पाहिलेल्या मुलांना हे समजावताना तुम्हाला फार शब्द लागणार नाहीत, पण गप्प राहिलात तर ती तुम्हाला माफ करणार नाहीत.

राहिली निधीची परिस्थिती. ती खरोखर वाईट आहे. यूएसएआयडी या परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं काम १ जुलै २०२५ ला परराष्ट्र खात्याकडे गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेनं परदेशी सबअवॉर्ड जुन्या पद्धतीनं देणं थांबवलं. सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्यानं अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर ठरणाऱ्या कॉलेजांचे सुमारे ३५ कोटी डॉलर रोखले. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, विद्यार्थ्यांच्या कॉलेजांना याचा मोठा फटका बसला, कारण त्यांचा दर्जा २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असण्यावर आहे. एचबीसीयूची कायद्यातली व्याख्या वेगळी आहे: १९६४ च्या आधी, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था. ती इतिहासावर उभी असल्यानं सध्या तरी तिला धक्का कमी. म्हणूनच मोठी विद्यापीठं तुमच्या दारात जास्त येतील. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा तुमची बाजू भक्कम आहे, आणि ही फेरी हुकली तर पुढची येईल.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं. डीनना भेटा आणि सही त्यांच्या ऑफिसातून परस्पर जाणार नाही हे नक्की करून घ्या. उत्साहाच्या भरात तसं होतं. सहकारी बाईंबरोबर बसून तुमच्या कॉलेजचा प्रश्न एका पानावर लिहा आणि तोच मोठ्या विद्यापीठाला पाठवा. तिसरं, फाउंडेशनचे पैसे येवोत न येवोत, कॉलेजच्या छोट्या निधीतून इच्छुक विद्यार्थ्यांचे पासपोर्ट काढून द्या. पहिल्यांदा काढताना माणशी १६५ डॉलर लागतात, आणि पुष्कळ मुलांची परदेशी शिक्षणाची इच्छा तिथेच अडते. पासपोर्ट दहा वर्षं चालतो. हा प्रकल्प नाही तर दुसऱ्या कुठल्या कामाला तो उपयोगी पडेलच.